दंडावरचं पाचाचं नाणं

दुकानदाराने सुट्टे परत दिले की लोक ते मोजतात आणि पर्समध्ये टाकतात. मी आधी उलटून बघते. एकेक नाणं, दोन्ही बाजूंनी. मागे रांग लागते, सून हळूच पदर ओढते, "आई, चला ना आता," म्हणते, आणि दुकानदार वर पंख्याकडे बघत बसतो. नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीतल्या एका किराणावाल्याने तर मला बघितलं की सुट्ट्यांऐवजी गोळ्या द्यायला सुरुवात केली आहे. निवृत्त होऊन वर्ष झालं, पण ही बातमी माझ्या बोटांपर्यंत अजून पोचलेली नाही.

तेवीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होते. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं एकाच रस्त्यावर काढली, जालना ते घनसावंगी, अंबडवरून. लोकांना वाटतं कंडक्टरचं काम तिकीट देणं. तिकीट काय, मशीनही देतं. खरं काम सुट्ट्यांचं. सकाळच्या पहिल्या फेरीला पिशवी रिकामी असते आणि चढणारा जो तो पाचशेची नोट पुढे करून खिडकीबाहेर बघायला लागतो. मग आमचा आवाज चढतो. माझा जरा जास्तच चढायचा. "सुट्टे घेऊन चढत जा, मी काय घरी टाकसाळ लावलीय?" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

नाण्यांचा नाद नोकरीच्या पहिल्याच वर्षी लागला. आठ आणे तेव्हा चालत होते. गर्दीत एका म्हाताऱ्या बाबांनी आठ आणे म्हणून एक काळपट नाणं हातात ठेवलं आणि मी न बघता पिशवीत टाकलं. संध्याकाळी डेपोत चिल्लर लावताना दिसलं, त्यावर चारमिनार आणि कडेने उर्दू अक्षरं. निजामाच्या राज्यातलं चांदीचं नाणं, माझ्या आजोबांच्या वेळचं! मी माझे आठ आणे पिशवीत टाकले आणि ते उचललं. त्या दिवशी घरी स्वयंपाक करताना भाजी करपली, कारण दर दोन मिनिटांनी मी ओट्यावर ठेवलेलं नाणं बघायला जात होते.

एकदा नजर बसली की मग सुटका नाही. सालाच्या खाली बारीकशी खूण असते. चौकट असली तर मुंबईची टाकसाळ, चांदणी असली तर हैदराबादची, ठिपका असला तर नोएडाची, काहीच नसलं तर कोलकात्याची. एखाद्या वर्षी एखाद्या टाकसाळीने एखादं नाणं थोडंच पाडलेलं असतं, ते सापडलं की आमच्यासारख्यांची दिवाळी. त्याहून मोलाची चुकलेली नाणी. छाप मारताना चकती सरकलेली, एका बाजूचा छाप भलताच पडलेला, असली. सरकारच्या लेखी ती चूक, आमच्या लेखी लॉटरी. आणि एक नियम पक्का लक्षात ठेवावा. नाणं चिंचेने घासायचं नाही, राखेने तर नाहीच. घासलं की ते चकचकीत होतं आणि मोल मातीत जातं. मी पहिली अकरा नाणी घासली होती, म्हणून सांगते.

तुम्ही विचाराल, प्रवाशांच्या पैशातली नाणी घ्यायची परवानगी असते का? कंडक्टरने ड्यूटीवर निघताना स्वतःजवळचे पैसे लिहून द्यायचे असतात. मी रोज वीस रुपयांची नाणी लिहून द्यायचे, ती कमरेच्या छोट्या पर्समध्ये. पिशवीत काही वेगळं आलं की माझं तेवढ्याच किमतीचं नाणं आत आणि ते बाहेर. पिशवीचं काही जात नव्हतं. मला याचा अभिमानच होता. आता तेवढा वाटत नाही.

गाडीत माझा नाद सगळ्यांना माहीत झाला होता. लोक घरातली नाणी रुमालात बांधून दाखवायला आणायचे. एक कापसाचे व्यापारी होते. त्यांच्याकडे देवीचं चित्र असलेलं पाचाचं नाणं होतं आणि मोबाईलवर त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की याचे दहा लाख येतात, फक्त आधी नोंदणीचे पैसे पाठवा. मी पर्स उघडली आणि तसलीच चार नाणी त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "घ्या, चाळीस लाख झाले. नोंदणी कुणाला बी पाठवू नका." गाडी हसली. त्यांनी त्यानंतर माझ्या गाडीने येणं बंद केलं. पैसे आधीच पाठवून बसले होते, हे मला नंतर कळलं. माझी जीभ अशी, आधी चालते आणि मग मी तिच्यामागे पळते.

ही जीभच पुढच्या गोष्टीला कारण आहे.

सकाळची सातची घनसावंगी–जालना गाडी होती. रहीमभाई ड्रायव्हर. दारात एक पन्नाशीच्या बाई आणि त्यांचा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा उभे होते. मुलाच्या पायात नवे बूट, खांद्यावर मोठी बॅग. आई त्याच्या उजव्या दंडाला हिरवी कापडी पट्टी बांधत होती आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. मी घंटीला हात लावून उभी. "बांधणं झालं का? टाइम होऊन राह्यला," मी म्हटलं. बाईंनी पट्टीवर फुंकर घातली, मुलाचं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला आणि बाजूला झाल्या.

गाडी निघाली. मुलाने पाचशेची नोट काढली. माझ्या पिशवीत तेव्हा सुट्टे नव्हते आणि मोबाईलने पैसे घ्यायची सोय तेव्हा आमच्या मशीनला नव्हती. त्याने सगळे खिसे उपसले. शेवटी पाच रुपये कमी पडले.

"कुठं चालले?"

"जालना टेसन. तिथून मुंबई, मंग सौदी. वेल्डिंगचं काम लागलंय."

"सौदीला चालले आन् पाच रुपये न्हाईत? अंबडला गाडी उभी करते, उतरा आन् सुट्टे आणा."

गाडी हसली. पोरगा कानापर्यंत लाल झाला. खरं तर नोट घेऊन तिकिटामागे बाकी लिहून देता आली असती, आम्ही रोज देतो. त्या दिवशी नाही दिली. सकाळपासून सातवी पाचशेची नोट होती ती, एवढंच कारण. त्याने डावा हात वर नेला, दंडावरची पट्टी दाताने सोडवली, आतून पाचाचं नाणं काढलं आणि माझ्या हातात दिलं. मग रिकामी पट्टी पुन्हा बांधायला लागला. बायका पदराच्या गाठीत पैसे ठेवतात तसं काही असेल, असं मला वाटलं. म्हणजे वाटलं असं आता म्हणते. त्या वेळी मी त्याच्याकडे बघतच नव्हते, नाण्याकडे बघत होते.

जुनं जाड पाचाचं नाणं. छाप मारताना चकती सरकली होती, त्यामुळे सगळं चित्र एका कडेला ढकललं गेलेलं आणि दुसऱ्या कडेला कोऱ्या धातूची कोर राहिलेली, तृतीयेच्या चंद्राएवढी. असं नाणं मी फक्त मोबाईलवर, संग्राहकांच्या फोटोत पाहिलं होतं. माझं पाचाचं पिशवीत गेलं, ते माझ्या पर्समध्ये आलं. जालन्याला पोरगा उतरला, ऑटोत बसून स्टेशनकडे गेला. जाताना "चलतो मॅडम" म्हणाला. मी मान हलवली.

कँटीनमध्ये मी नाणं रहीमभाईंच्या चहाशेजारी ठेवलं. माझा आनंद पोटात मावत नव्हता. ते नाण्याकडे बघेनात, माझ्याकडे बघत राहिले.

"ताई, हे त्या पोराच्या दंडाचं तर न्हाई?"

"हौ. का?"

"इमाम जामिन व्हतं ते." त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्यात लांब जाणाऱ्याच्या दंडाला सिक्का बांधत्यात. त्याला सलामत ठिवा म्हणून. पोचला की मंग सोडायचं आन् तो सिक्का गरिबाला द्यायचा, सदका म्हणून. मधीच सोडत न्हाईत. पोराला लाज वाटली आसंल, बाकी काय." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "त्याची गाडी साडेधाला हाय. आपल्याला निघायला अजून चाळीस मिनिटं हाईत. ऑटोनं गेलात तर धा मिनिटांत टेसन."

मी उठले. पर्समध्ये नाणं टाकलं आणि बाहेरपर्यंत गेले. समोर ऑटो उभा होता. मी परत आत आले आणि बसले. पुन्हा उठले. पाणी प्यायले. "गर्दीत कुठं सापडणार तो," असं मी रहीमभाईंना म्हटलं. खरं कारण त्यांना कळलं होतं आणि मलाही. मला ते नाणं सोडायचं नव्हतं.

तीन दिवसांनी त्या बाई घनसावंगीच्या स्टँडवर माझी वाट बघत उभ्या होत्या. शमीमआपा त्यांचं नाव, मुलाचं इम्रान. त्या परकर शिवून जालन्याच्या एका दुकानात द्यायच्या, दर गुरुवारी गठ्ठा घेऊन यायच्या. इतकी वर्षं माझ्या गाडीतून जात होत्या आणि मला त्यांचा चेहरा ओळखीचा नव्हता, फक्त गठ्ठा होता. "मॅडम, गठ्ठ्याचं तिकीट लावू नका" म्हणणाऱ्या.

"मॅडम, मेरा बच्चा तुमकू पाच का सिक्का दिया बोल्ता. चांद था उसपे."

चांद! त्या कोरीला त्या घरात चांद म्हणत होते. इम्रानच्या वडिलांना ते कधीतरी बाजारात सुट्ट्यांत आलं होतं. ते जिवंत असेपर्यंत ट्रक चालवायचे आणि दर वेळी तेच दंडाला बांधून जायचे. परत आले की गरिबाला दुसरं नाणं द्यायचे आणि हे ठेवून घ्यायचे. रीतीत बसत नव्हतं, पण चंद्राचं नाणं देऊन टाकायला कुणाचं मन होईना. हे सगळं त्या एका दमात सांगत होत्या आणि माझा हात कमरेच्या पर्सवर होता.

"ते तर गेलं, आपा," मी म्हटलं. "रोजची चिल्लर बँकेत जाती. मला काय माहीत."

तेवीस वर्षांत मी प्रवाशांवर ओरडले, भांडले, उगाच वाकडं बोलले. खोटं त्या दिवशी बोलले. चेहऱ्यावर काही न दाखवता बोलले.

शमीमआपांनी पदराखालून तसलीच दुसरी हिरवी पट्टी काढली. "तो फिर तुम दो एक सिक्का. थैली में का नक्को. तुमारा खुद का."

मी पर्समध्ये हात घातला. बोटांना आधी तेच लागलं, जाड, जड. ते बाजूला सारून मी एक पातळ, नवं पाचाचं काढलं आणि दिलं. त्यांनी ते पट्टीत घातलं आणि आपला उजवा हात माझ्यापुढे केला. "बच्चे का हात तो ह्यां नै. मेरेकू बांधो. एक हात से बंधता नै." मी बांधलं. गाठ दोनदा सुटली.

त्यानंतर दर गुरुवारी ती पट्टी माझ्या गाडीत. आपा गठ्ठा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायच्या आणि बाहीखाली ती हिरवी कड दिसायची. मी तिकडे न बघता तिकीट द्यायची आणि विचारायची, "पोचला का इम्रान? फोन आल्ता का?" पोचला होता. पण तो घरी परत येईपर्यंत पट्टी सोडायची नाही, असं आपांनी ठरवलं होतं. मग विचारायची, काम कसंय, जेवायला काय मिळतं, उन्हात उभं करतात का. एकदा आपा हसून म्हणाल्या, "इत्ता तो उसकी खाला भी नै पूछती."

नाण्याचा फोटो मी संभाजीनगरच्या एका संग्राहकाला पाठवला. त्याने लगेच आकडा सांगितला, आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढा. मी विकलं नाही. डबीतही ठेवलं नाही. ते पर्समध्येच राहिलं, रोज ड्यूटीला माझ्याबरोबर येत राहिलं. दर बुधवारी ठरवायचे, उद्या देऊन टाकायचं. गुरुवारी वाटायचं, आता दिलं तर खोटं उघडं पडणार, आपा डेपोत तक्रार करणार, शेवटच्या वर्षांत माझ्यावर केस होणार. मग जीव असा व्हायचा की अंबड येईपर्यंत मी गाडीत उगाच पुढे-मागे करायची. लोकांना वाटायचं, बाई फार कडक आहे, फुकट्यांना शोधतेय.

एकदा एकोणीस दिवस इम्रानचा फोन आला नाही. आपा गाडीत बसल्या, कुणाशी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती. ते एकोणीस दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आम्ही शेतकऱ्याच्या घरातले, देव्हाऱ्यात खंडोबा, तुळजाभवानी. त्या सगळ्यांना मी घनसावंगीच्या इम्रानचं नाव इतक्या वेळा सांगितलं की त्यांना ते पाठ झालं असेल. विसाव्या दिवशी कळलं, त्याला दुसऱ्या गावी कामाला नेलं होतं आणि मोबाईल बिघडला होता. मला त्या पोराच्या दोन कानफटात द्याव्याशा वाटल्या.

दोन वर्षं गेली. माझ्या नोकरीचा शेवटचा महिना चालू होता. एका गुरुवारी आपा चढल्या आणि त्यांच्या दंडावर पट्टी नव्हती. मशीन हातात तसंच राहिलं.

"आपा, हात..."

"आ गया मेरा बच्चा!" त्या म्हणाल्या. "परसूं रात कू. खोला मैंने, सदका दे दी."

मी माझ्या सीटवर बसले आणि चांगली रडले, युनिफॉर्ममध्ये, भरल्या गाडीत. एक जण म्हणाला, "मॅडम, रडू नका, मी देतो सुट्टे."

निवृत्त झाले त्याच आठवड्यात मी घनसावंगीला गेले. आमच्या गाडीने नाही, जीपने. आपांच्या घरी शिलाई मशीन चालू होतं. इम्रान बाहेर गेला होता. मी पर्समधून नाणं काढलं आणि मशीनच्या पाटावर ठेवलं. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवत आले होते, तोंडातून एवढंच निघालं, "आपा, मी खोटं बोलले. हे माझ्याकडंच व्हतं."

त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. नाण्याकडे बघितलं, पण उचललं नाही.

"मालूम था."

"कसं?"

"तुम बँक बोले, और तुमारा हात कमर पे था." त्या अगदी शांत होत्या. "मांगती तो दे देते तुम. पर मैं सोची, अकेली माँ की दुआ कित्ती लगती? ये औरत मेरा सिक्का दबाके बैठी है, अब इसकू भी चैन पडनेका नै. ये भी रोज मांगेगी, या अल्ला, बच्चा सलामत आने दे. इस वास्ते मैं तुमारे हात से बंधा ली. दो औरतां की दुआ लगी मेरे इम्रान कू."

दोन वर्षं मी त्यांना फसवते आहे असं समजत होते, आणि दोन वर्षं त्यांनी मला कामाला लावलं होतं. पगार न देता!

त्यांनी चहा दिला. मी निघताना नाण्याकडे बोट करून म्हणाल्या, "तुमारा सिक्का मैं दे दी सदके में. ये तुम दो. अपने हात से." मी म्हटलं, "आपा, याला किंमत हाय, घरात ठिवा." त्यांनी मान हलवली. "किंमत थी इस वास्तेच तो अटका."

स्टँडवर चहाच्या टपरीजवळ एक म्हातारे बाबा हात पसरून बसले होते. मी नाणं त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि परत पुढे केलं. "बाई, खराब हाय हे. कोणी घेत न्हाई आसलं. दुसरं द्या."

माझ्या पर्समध्ये दुसरी पाच-सहा होती. बाबांनी पुढे केलेलं ते परत घ्यायला माझं बोट त्याला लागलं, तेवढ्यात मी हात मागे घेतला. "चालतंय, बाबा! सरकारचंच हाय," मी म्हटलं, आणि टपरीवाल्याला सांगितलं, "या नाण्याचा बिस्किटाचा पुडा द्या यांना." टपरीवाल्याने दोन बोटांत धरून बघितलं, माझ्या चढलेल्या आवाजाकडे बघितलं, आणि नाणं पत्र्याच्या डब्यात टाकलं. बाबांनी पुडा फोडला. जीपवाला हॉर्न वाजवत होता, मी धावत जाऊन बसले. तो डबा संध्याकाळी कुठे रिकामा झाला असेल, हे मला माहीत नाही आणि त्या विचाराने मी आजही खुर्चीत नीट बसू शकत नाही.

पण खरी बेचैनी त्या नाण्याची नाही. आपांना मी खोटं बोलल्याचं सांगितलं. त्या दिवशी साडेदहाची गाडी सुटायच्या आधी माझ्या हातात चाळीस मिनिटं होती, स्टेशन दहा मिनिटांवर होतं, मला सगळं कळलेलं होतं, आणि मी पाणी पिऊन परत बसले, हे त्यांना सांगितलं नाही. चहाचा कप हातात असताना तीनदा ओठांवर आलं. आज इथे लिहिलं आहे. इम्रान पुन्हा सौदीला गेला, दिवाळीला सुट्टीवर येणार आहे म्हणतात. तो मराठी शाळेत शिकलेला आहे आणि आपांना सगळं मोठ्याने वाचून दाखवतो.